डिझेल गाडीच्या ईसीयूसाठी फुकट मिळणारे ट्यूनिंग सॉफ्टवेअर वापरावे का?

कासारवडवली_डिझेल (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१७ सालची, बीएस-४ मानकाची, १२४८ सीसी डिझेल इंजिनाची ७५ अश्वशक्तीची हॅचबॅक आहे. घोडबंदर रस्त्यावरून ऐरोलीला रोजची ये-जा असते आणि अधूनमधून नाशिकच्या बाजूला जाणे होते. गेल्या काही महिन्यांपासून दोन हजार आरपीएमच्या खाली इंजिनात जीवच नाही असे वाटते. कापूरबावडीच्या पुलावर चढताना दुसऱ्या गिअरमध्येही गाडी रेंगाळते, आणि कसारा घाटात माणसे व सामान भरलेले असेल, तर ट्रकच्या मागून बाहेर पडण्याचे धाडसच होत नाही.

माझ्या भाच्याने इंटरनेटवरून ट्यूनिंगचे, म्हणजे ईसीयूतले (इंजिन चालवणाऱ्या संगणकातले) आकडे बदलण्याचे, एक सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेतले आहे, आणि त्याबरोबर याच इंजिनाची म्हणून ‘स्टेज वन’ नावाची एक तयार फाइलही मिळाली आहे. ओबीडी सॉकेटला (गाडीतल्या तपासणीच्या जोडणीला) लावायची केबल त्याने ऑनलाइन मागवली. गॅरेजमध्ये याच कामाचे पंधरा हजारांच्या पुढे सांगतात, त्यामुळे मोह होतो हे मान्य करतो. मात्र सोबतच्या सूचनांत अँटिव्हायरस बंद करावा आणि काम चालू असताना संगणकाचे इंटरनेटही तोडावे, असे लिहिले आहे, ते मला खटकले. लॅपटॉप माझा आहे आणि सोसायटीचा खजिनदार या नात्याने देखभाल खात्याचे नेट बँकिंगही मी त्यावरच करतो.

भाच्याचे म्हणणे असे की मूळ फाइल एकदा वाचून जपून ठेवली की केव्हाही मागे फिरता येते, त्यामुळे धोका असा काही नाहीच. हे कितपत खरे आहे? गाडीचे, लॅपटॉपचे आणि विम्याचे काय होऊ शकते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तुर्भे_ईसीयू

मी तुर्भे एमआयडीसीत ईसीयू दुरुस्तीचे काम करतो. माझ्याकडे येणारा माणूस आधीच अडचणीत सापडलेला असतो, हे लक्षात ठेवून माझे मत वाचावे.

सॉफ्टवेअरचे नंतर बोलू. तुमच्या प्रश्नातले ‘गेल्या काही महिन्यांपासून’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. ईसीयूमधला मॅप, म्हणजे इंजिन कसे चालवायचे ते ठरवणारे आकड्यांचे तक्ते, काही महिन्यांत बदलत नाही. त्यातले आकडे गाडी शोरूममधून निघाली त्या दिवशी होते तेच आज आहेत, बदलले आहे ते लोखंड आणि रबर. या इंजिनात खालच्या आरपीएमला टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची) ओढ मुळातच कमी असते, ते खरे, पण ती अलीकडे आणखी कमी झाली असेल तर कुठेतरी बिघाड आहे. इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) नळीला चीर पडली असेल, ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने अर्धवट उघडा अडकला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, टर्बोचा दाब आवरणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची नळी सैल झाली असेल, किंवा निव्वळ डिझेल फिल्टर तुंबला असेल. बॉनेट उघडून इंटरकूलरच्या नळीच्या क्लिपांखाली बोट फिरवून पाहा. तिथे तेलकट ओल आणि तिच्यावर चिकटलेली धूळ दिसली, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर फुसफुस आवाज येत असेल, तर टर्बोने दाबलेली हवा तिथूनच निसटते आहे.

अशा गाडीवर नवा मॅप चढवला की काय होते, ते सांगतो. अशा बहुतेक तयार फाइलींमध्ये इंजेक्शनचे प्रमाण वाढवलेले असते आणि धूर होऊ नये म्हणून कंपनीने घातलेली मर्यादा सैल केलेली असते. हवा गळतेच आहे, त्यात डिझेल वाढले, म्हणजे काळा धूर वाढणार आणि एक्झॉस्टचे तापमान चढणार. गमावलेला दाब भरून काढण्यासाठी टर्बो जास्त वेगाने फिरत राहतो. पहिले दोन दिवस पिकअप सुधारल्यासारखे वाटते, आणि त्याच दोन दिवसांत गाडीचा मालक इंटरनेटवर ‘झकास फाइल आहे’ असा अभिप्राय लिहून मोकळा होतो. सहा महिन्यांनी टर्बोच्या शाफ्टला खेळ येतो तेव्हा तो अभिप्राय दुरुस्त करायला कोणी परत जात नाही.

आता भाच्याच्या म्हणण्याकडे येतो. ते अर्धे खरे आहे. मूळ फाइल हातात असेल तर ती परत लिहिता येते, परंतु ती खरोखर हातात आहे का, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. काही ईसीयूंमधला मजकूर ओबीडी सॉकेटमधून पूर्ण वाचताच येत नाही. अशा वेळी अधिकृत साधन केवळ ईसीयूचे ओळख क्रमांक वाचते आणि त्यांच्याशी जुळणारी मूळ फाइल साधन बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून आणून देते. तुमच्याकडची केबल नक्कल आहे असे मी धरून चालतो, कारण इंटरनेट तोडण्याची सूचना त्यासाठीच असते: सर्व्हरशी संपर्क झाला की नकली साधन ओळखले जाते आणि बंद पाडले जाते. म्हणजे जिथून मूळ फाइल मिळायची तो दरवाजाच तुम्हाला बंद आहे. पडद्यावर ‘वाचन पूर्ण’ असे येते, फोल्डरमध्ये एक लहानशी फाइल दिसते आणि मंडळी निर्धास्त होतात. तिच्यात मॅप नसतोच, फक्त ओळखीचे क्रमांक असतात.

लिहिण्याच्या टप्प्यावर ईसीयूच्या फ्लॅश मेमरीतला जुना मजकूर आधी पुसला जातो आणि मग नवा भरला जातो. पुसून झाल्यानंतर आणि भरून होण्याआधी काही बिनसले, तर गाडी सुरू होत नाही आणि बहुतेक वेळा ओबीडीवरून ईसीयूशी बोलताही येत नाही. बिनसण्याचे सर्वांत साधे कारण बॅटरी हे आहे. इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून हे काम चालते, आणि कित्येक गाड्यांमध्ये प्रोग्रॅमिंग सुरू होताच रेडिएटरचा पंखा आपोआप पूर्ण वेगाने फिरू लागतो. घोडबंदरच्या कोंडीत एसी लावून रांगणाऱ्या गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली क्वचितच असते. त्यात पंख्याने वीज ओढली की व्होल्टेज कोसळते आणि लेखन मध्येच तुटते. आम्ही स्थिर व्होल्टेजचा पुरवठा जोडल्याखेरीज लिहायला बसत नाही. तुटलेले काम पुष्कळदा सावरता येते, परंतु त्यासाठी ईसीयू काढून, उघडून, बोर्डवरच्या ठरावीक बिंदूंना तारा लावून मजकूर भरावा लागतो, आणि तिथेही पहिला प्रश्न हाच असतो की मूळ फाइल कुठे आहे. दुसऱ्या गाडीचा जुना ईसीयू आणून बसवला तर इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) तो स्वीकारत नाही, मग त्याची जुळणी हा वेगळा खर्च.

तयार फाइल ‘याच इंजिनाची’ आहे, यालाही फारसा अर्थ नाही. १२४८ सीसीचे हे इंजिन आपल्याकडे ७५ अश्वशक्तीचे साध्या टर्बोसह आणि ९० अश्वशक्तीचे व्हीजीटी (पात्यांचा कोन बदलणाऱ्या) टर्बोसह, अशा दोन्ही रूपांत विकले गेले, आणि युरोपात त्याच्या डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या आवृत्त्याही होत्या. इतकेच नव्हे, तर एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांमध्ये सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असू शकते. एका आवृत्तीत ज्या पत्त्यावर रेल प्रेशरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा) तक्ता असतो, त्या पत्त्यावर दुसऱ्या आवृत्तीत भलतेच काही असते. फाइलमधला एक आकडा बदलला तरी चेकसम (फाइल शाबूत असल्याची पडताळणीची बेरीज) नव्याने मांडावा लागतो, आणि क्रॅक केलेल्या (परवान्याचे कुलूप तोडलेल्या) सॉफ्टवेअरने तो चुकीचा मांडला किंवा मांडलाच नाही, तर ईसीयू नवी फाइल नाकारतो. तसे झाले तर नशीब म्हणायचे. खरा घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा चेकसम बरोबर असतो आणि आकडे चुकीचे.

ऐरोली_संगणक

मी माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो. गाडीतले मला कळत नाही, म्हणून लॅपटॉपपुरतेच लिहितो.

अँटिव्हायरस बंद करा, प्रशासकाच्या अधिकाराने चालवा, स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर बसू द्या आणि पासवर्ड लावलेली झिप फाइल उघडा, या चार सूचना एकत्र दिसल्या की मी ती फाइल उघडत नाही. झिपला पासवर्ड लावण्यामागे पुष्कळदा एकच हेतू असतो, तो म्हणजे डाउनलोड होताना तपासणी करणाऱ्या यंत्रणेला आतले दिसू नये. क्रॅक आणि की-जनरेटर (खोटा परवाना क्रमांक बनवणारे प्रोग्रॅम) यांच्या आडून पसरणाऱ्या मालवेअरमध्ये माहिती चोरणाऱ्या प्रोग्रॅमचा एक मोठा वर्ग आहे. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि सुरू असलेल्या लॉगिनच्या कुकीज उचलून पाठवतो. या कुकीजमुळे चोराला पासवर्डही टाकावा लागत नाही आणि ओटीपीही मागितला जात नाही, तुमचे ईमेल त्याच्याकडे जसेच्या तसे उघडते. आणि ईमेल ज्याच्या हाती, त्याला इतर खात्यांचे पासवर्ड बदलून घेणे अवघड नसते.

इंटरनेट तोडून बसवले तर धोका टळला, असा समज असेल तर तो काढून टाकावा. प्रोग्रॅम एकदा आत शिरला की थांबू शकतो, आणि तुम्ही रात्री वायफाय जोडलेत की काम सुरू करू शकतो. क्रॅक आवृत्तीत काही निघालेच नाही, असेही होते, परंतु ते तपासण्याचा मार्गच तुम्ही अँटिव्हायरस बंद करून घालवलेला असतो.

ज्या लॅपटॉपवरून सोसायटीचे खाते चालते त्यावर हा प्रयोग करूच नये. तुमचे स्वतःचे पैसे गेले तर ती तुमच्या घरातली गोष्ट राहते, परंतु देखभाल निधी गेला तर वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून ओबीडी केबल म्हणजे काय, हे सांगावे लागेल. भाच्याने ते सॉफ्टवेअर या लॅपटॉपवर आधीच चालवले असेल, तर दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड आजच बदलावेत, सर्व उपकरणांवरून लॉगआउट करण्याचा पर्याय वापरावा आणि लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकावी. पैसे गेल्याचे दिसलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

जुना, विंडोज ७ चा लॅपटॉप यासाठी बाजूला ठेवा, असा सल्ला कोणीतरी देईल. त्या प्रणालीला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. तो लॅपटॉप घरच्या वायफायला कधीच जोडायचा नाही आणि त्याचा पेनड्राइव्ह दुसरीकडे लावायचा नाही, हे पाळता येत असेल तर ठीक, पण घरोघरी हे पाळले जात नाही.

वाशी_सर्वेक्षक

मी वाहन विम्याच्या दाव्यांची पाहणी करतो. कायद्याचे आणि विम्याचे थोडक्यात सांगतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ च्या पोटकलम ४ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रत्यक्षात रस्त्यावर कोणी ईसीयू वाचत बसत नाही. अडचण येते ती पीयूसीत, कारण बीएस-४ डिझेल गाडीला धुराच्या चाचणीत प्रकाशशोषणाची मर्यादा प्रति मीटर १.६२ आहे आणि धुराची मर्यादा सैल केलेली गाडी ती सहज ओलांडते. ‘ईजीआर बंद, डीपीएफ बंद’ अशी जाहिरात करणाऱ्या फाइली तर उत्सर्जनाचा सरळ भंग करतात.

विम्याबाबत लोकांचा एक गैरसमज आहे. फाइल बिघडून ईसीयू निकामी झाला किंवा पिस्टन वितळला, तर ‘बदल लपवला’ वगैरे चर्चेपर्यंत प्रकरण जातच नाही, कारण नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक आणि विद्युत बिघाड मुळातच वगळलेले असतात. लपवलेल्या बदलाचा प्रश्न येतो तो आग किंवा मोठा अपघात झाल्यावर. प्रस्ताव अर्जात गाडीत मूळ तपशिलापेक्षा काही बदल केला आहे का, असे विचारलेले असते आणि एजंट तिथे ‘नाही’ लिहून टाकतो. बंपरच्या दाव्यात आम्ही ईसीयूकडे पाहत नाही. गाडी जळाली किंवा माणूस गेला, तर पाहायला लावतात, आणि ईसीयूतला कॅलिब्रेशन क्रमांक व त्याची पडताळणीची बेरीज मूळ नोंदीशी जुळते का, हे स्कॅनरवरही कळू शकते.

खारघर_टर्बो

वरच्या तिघांचे म्हणणे रास्त आहे, परंतु ‘फुकट’ आणि ‘चोरीचे’ यांची गल्लत होऊ नये म्हणून लिहितो. रोमरेडर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रामुख्याने सुबारू गाड्यांसाठी लोकांनी मिळून उभे केले. ट्यूनरप्रो फुकट वापरता येते. स्पीडुइनो आणि रुसएफआय हे तर पूर्ण ईसीयूचेच मुक्तस्रोत प्रकल्प आहेत. यांत लपवाछपवी नाही, अँटिव्हायरस बंद करा अशी अट नाही, आणि मर्यादाही उघड सांगितलेल्या असतात. उदाहरणार्थ, तुमच्या ईसीयूच्या नेमक्या आवृत्तीची व्याख्या-फाइल (कुठला आकडा कशाचा हे सांगणारी) नसेल तर ट्यूनरप्रो तुम्हाला नुसते आकड्यांचे रान दाखवेल. भाच्याने आणलेले सॉफ्टवेअर मात्र फुकट नाही. ते विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे कुलूप तोडून वाटलेले आहे, आणि ज्याने ते तोडले त्याने आणखी काय घातले हे तोच जाणे. फुकट ते पौष्टिक मानण्याची आपली सवय इथे अंगाशी येते.

नुसते वाचणे आणि लिहिणे यांतही फरक करायला हवा. साध्या ओबीडी अडॅप्टरने टर्बोचा दाब, हवेचे प्रमाण आणि त्रुटीसंकेत पाहायला हरकत नाही. तुर्भेच्या साहेबांनी सांगितलेला बिघाड शोधायला तेच उपयोगी पडेल. चालू गाडीत पडद्यावर डोळे लावून बसू नका, नोंद करून घ्या आणि घरी येऊन पाहा. दोन हजाराच्या खाली मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब अपेक्षेपेक्षा कमी राहत असेल, तर पैसे नळीवर खर्च करा.

पेट्रोलवाल्यांसाठी जाता जाता एक सांगतो. युरोपातल्या टर्बो पेट्रोल गाडीची, ९८ ऑक्टेनवर बेतलेली फाइल इथे घातली तर इग्निशन (ठिणगी पडण्याची वेळ) जितके आगाऊ ठेवलेले असते तितके आपले साधे पेट्रोल सोसत नाही आणि इंजिन ठोकू लागते. शिवाय शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर पुष्कळ ईसीयू तक्त्यातल्या आकड्यांवर अवलंबून असतात, आणि तक्ता दुसऱ्याच इंधनाचा असेल तर नेमके जास्त भार असतानाच मिश्रण विरळ होते.

कासारवडवली_डिझेल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लॅपटॉपचे पासवर्ड मुलीच्या संगणकावरून आजच बदलले. नळीच्या क्लिपपाशी तेलकट ओल आहे, गॅरेजवाल्याला दाखवतो. एक शंका मात्र उरते. भाच्याने गेल्या रविवारी ती केबल लावून ईसीयूमधून ‘वाचन’ केले होते, लिहिले काहीच नाही. गाडी व्यवस्थित सुरू होते. नुसत्या वाचण्याने काही बिघडले असेल का? आणि जी फाइल मिळाली ती खरी मूळ फाइल आहे की नाही, हे कसे ओळखावे?

तुर्भे_ईसीयू

गाडी सुरू होते आहे आणि इंजिनचा दिवा लागलेला नाही, तर वाचण्याने बिघडलेले नसावे. नकली केबल वाचनाच्या मध्येच अडकली की ईसीयू काही काळ प्रोग्रॅमिंगच्या स्थितीत राहतो, परंतु इग्निशन बंद करून थोडा वेळ थांबल्यावर तो सहसा ताळ्यावर येतो. तरी गॅरेजमध्ये नळी बदलताना साठवलेले त्रुटीसंकेत एकदा वाचून घ्या. संपर्क तुटल्याचे जुने संकेत दिसले तर पुसून टाका आणि आठवड्याने पुन्हा पाहा.

फाइल उघडण्यासाठी ते सॉफ्टवेअर पुन्हा चालवू नका. कोणत्याही साध्या हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले आकडे जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ती पाहता येते, फक्त तोही चांगल्या ठिकाणाहून घ्या. आधी तिचा आकार पाहा. या पिढीच्या डिझेल ईसीयूची पूर्ण फाइल काही शेकडो किलोबाइटपासून दोन-एक मेगाबाइटपर्यंत असते, त्यामुळे ती एक-दोन किलोबाइटचीच निघाली तर ते नुसते ओळखीचे क्रमांक आहेत. आकार योग्य असूनही आत पानेच्या पाने एफएफ (रिकाम्या जागेची खूण) किंवा शून्यांनी भरलेली असतील आणि मजकूर कुठेतरी चिमूटभरच असेल, तर वाचन फसले आहे. फाइल खरी असेल तर हेक्स एडिटरच्या उजव्या रकान्यात ईसीयूचा सॉफ्टवेअर क्रमांक पुष्कळदा सरळ अक्षरांत वाचता येतो, आणि स्कॅनरवर दिसणाऱ्या क्रमांकाशी तो जुळायला हवा.

एकाच वाचनावर मात्र मी स्वतः कधीच विसंबत नाही. लागोपाठ दोनदा वाचतो आणि दोन्ही फाइली अक्षरशः तंतोतंत जुळल्या तरच त्यांना मूळ फाइल म्हणतो. तुमच्याकडे एकच आहे आणि ती नकली केबलने काढलेली आहे, म्हणून तिला मूळ फाइल समजून चालू नका. नळी बदलल्यानंतरही रिमॅपच (ईसीयूत नवा मॅप) करून घ्यावेसे वाटले, तर ज्या गॅरेजला काम द्याल त्याला लिहिण्याआधी अधिकृत साधनाने वाचलेली मूळ फाइल तुमच्या पेनड्राइव्हवर मागा. ती द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे गाडी ठेवू नका.